चाळीस वॅटचा उजेड

९ जानेवारी १९८३

रवींद्रनं आज मागाच्या खोलीतला शंभराचा बल्ब काढून ट्यूबलाइट लावली. चाळीस वॅटची! "बाबा, वीज अर्ध्याहून कमी अन् उजेड दुप्पट. साऱ्या महाल मोहल्ल्यात लागली, तुमीच बल्ब धरून बसले." पोरगा वायरमन झाल्यापासून बापाला शिकवतो. खोलीला खिडकी नाही, भर दुपारीही दिवा लागतोच, म्हणून लावू दिली. उजेड पांढराफटक. पण डोक्यावरची धग गेली, हे कबूल.

१४ जानेवारी

अंजनाच्या लग्नाचं लुगडं मागावर चढवलं. आमच्या घरात पोरगी बापानं विणलेलं लुगडं नेसूनच बोहल्यावर उभी राहते. माझ्या बापानं माझ्या चार बहिणींसाठी चार विणली. मला एकच मुलगी, एकच लुगडं. डाळिंबी रंग घेतला आहे. असं विणीन की व्याह्यांनी तोंडात बोट घालावं!

२ फेब्रुवारी

डाळिंबी सूत संपलं. पेटीत एक जुनी लड होती. ट्यूबखाली दोन्हींचे धागे शेजारी धरून पाहिले — तंतोतंत! अंजनाच्या आईनं अंगणात चरख्यावर सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरून दिल्या. देताना जरा घुटमळली.

"काहून वं?"

"काही नाही."

काही नाही म्हणजे काहीतरी असतं. पण विचारायला वेळ कुणाला आहे? लग्न दोन महिन्यांवर आलं.

२० फेब्रुवारी

धोटा आज ताण्यातून नुसता पळत होता. फार दिवसांनी हाताला सुख लागलं.

६ मार्च

लुगडं उतरवलं. विणता विणता कापड रुळावर गुंडाळत जातं, त्यामुळे सगळं एकदम असं आजच पाहिलं. अंगणात उन्हात पसरलं.

अर्धं डाळिंबी. अर्धं तपकिरी!

मधोमध रेघ मारल्यासारखा जोड. बायकोला विचारलं, "तुले दिसलं होतं ना?"

ती मान खाली घालून म्हणाली, "कांड्या भरतानाच दिसलं. पन रंगाचं मागावरच्यानं बोलावं, असं तुमीच म्हनता ना. मले वाटलं, तुमाले तसंच पाह्यजे असन."

खरं आहे. या घरात रंगावर दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, हा नियम माझ्या बापाचा. मी तो आणखी आवळला. मागच्या साली एका काठावरून ती काही बोलली, तर तीन दिवस मी तिच्या हातचं जेवलो नव्हतो. आता भोग.

७ मार्च

डोळे गेले. दुसरं काय? छप्पन्न वर्षांचा झालो. दोन रंग शेजारी धरून पाहिले आणि मला एकच दिसला! कोष्ट्याला रंग दिसेना, तर मग तो कशाला उरतो?

रवींद्र म्हणतो, दवाखान्यात चला. कशाला? जवळचा चष्मा देतील. रंगाचा चष्मा कुठे मिळतो का?

११ मार्च

अंजना म्हणाली, "बाबा, मी हेच नेसीन." मी तिच्यावर ओरडलो. बापाचं आंधळेपण अंगावर घेऊन चारचौघांत उभी राहणार? पोर रडत आत गेली. मग मीही रडलो. दुसरं विणायला दिवस नाहीत, आणि असते तरी कोणत्या डोळ्यांनी विणणार होतो? दुकानातून साडी आणा म्हटलं.

आणली. मरून रंगाची. चांगली आहे म्हणे.

१९ मार्च

माग मोडला. मीच सांगितलं मोडायला. मागाची फणी आणि धोटे पवनीच्या धोंडबाला देऊन टाकले. माझा साडू, तिकडे अजून विणतो. लाकडाचा सुताराकडून दिवाण करून घेतला, लग्नाच्या पाहुण्यांना बसायला. मागाचा खड्डा रवींद्रनं मुरूम टाकून भरला, वर फरशी बसवली. "पाहा बाबा, खोली किती मोठी झाली!"

चाळीस वर्षं त्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. आता पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही.

२५ मार्च

काही केलं नाही. दिवाणावर बसलो.

३० मार्च

तेच.

२ एप्रिल

दुपारी अंजना त्याच खोलीत बसून दुकानच्या साडीला फॉल लावत होती. दोऱ्याचं रीळ तिनंच निवडलं, ट्यूबखाली साडीवर ठेवून. काम उरकून साडी अंगणात नेली, तर तिची आई हसायला लागली. "काय वं, मरून साडीले तपकिरी दोरा? तुलेही दिसत नाही का आता?"

"खोलीत तं सारखाच दिसत होता वं, आई!"

पोर एकोणीस वर्षांची आहे. सुईत दोरा एका फटक्यात ओवते.

मी उठलो. ट्रंकेतलं लुगडं काढून ट्यूबखाली पसरलं. एकच रंग. अंगणात नेलं. दोन. परत आत आणलं. एक.

माझे डोळे चांगले आहेत. खड्डा भरून आज चौदा दिवस झाले.