खर्चुडीची शेंग

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मधे लढाई झाली, इंग्रज गेले, आणि ज्या मिठागरावर मी डोक्यावरून मीठ वाहायचो, तिथलं मीठ आता माझ्याच मचव्यातून मुंबईला जातं. हे ऐकून तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असतात, "बरं झालं. आता पाय पुसून आत ये."

आत यायला तरी जागा कुठे असायची? सगळीकडे जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली पानंफुलं, वर दगड. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून मी घोडबंदरच्या डोंगरावर रानभाजीला जायचो, आणि तुम्ही बजावलं होतंत, की नवं काही दिसलं तर फक्त एक फूल आण. त्या श्रावणात मी कंदिलाच्या आकाराचं एक पांढरं फूल पानात गुंडाळून आणलं. तुम्ही ते भिंगाखाली धरलंत. माझे कान तिखट. तुमचा श्वास बदललेला मला लगेच कळला.

"खर्चुडीच आहे, पण ही जात मी कधी पाहिली नाही. वेल किती होते?"

"एकच."

"आणि कंद?"

"काढले की. घरी ठेवलेत."

तुम्ही भिंग खाली ठेवलंत. "अरे शहाण्या, तुला फूल आणायला सांगितलं होतं की तिचं घर मोडायला? जा, आजच्या आज होते तिथे लावून ये."

दुसऱ्या दिवशी विचारलंत, "लावलेस?" मी म्हटलं, "लावले."

मग मुंबईच्या कॉलेजातून पत्र आलं: जात नवी वाटते, पण शेंग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या शेंगेसाठी तुम्ही चार पावसाळे तो चढ चढलात. मी छत्री धरायचो, तुम्ही काठीनं गवत सारायचात. "कंद कधीकधी रुसतो रे. पुढच्या वर्षी येईल." शेवटच्या वर्षी अर्ध्या वाटेत बसलात आणि मला एकट्याला वर पाठवलंत. मी वर नुसताच उभा राहिलो, खालून येणारा तुमचा खोकला ऐकत.

अजून दर श्रावणात जातो. तिथे आता दगड फोडतायत. तरी गवत सारून बघतो, आणि मागून कुणीतरी रागावावं असं फार वाटतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी धावतच घरी गेलो होतो. आईनं कंद मीठ घालून उकडले होते. "ऊन हायत तवर खा," ती म्हणाली. मी बसलो आणि खाल्ले. गोड होते, मास्तर.