जांभळ्या कोबीचं पाणी

झोरिया जंक्शन, सस्कॅचेवान
१६ जानेवारी १९८४

तीर्थस्वरूप टेक्लाताईस,
मेलानियाचा सा. न. वि. वि.

तुझा नाताळचा डबा पोचला. खसखशीचा रोल वाटेत मोडला, पण तुझ्या हातचा रोल ताटातही मोडतोच, तेव्हा पोस्टाला दोष देत नाही.

मोठी बातमी आधी सांगते. एप्रिलपासून ओरेस्तला मालगाडीवरून काढून प्रवासी गाडीच्या इंजिनावर घेणार आहेत. तुमच्या विनिपेगहून येणारी ती लांबलचक गाडी माझा मुलगा चालवणार. गावात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे फक्त चर्चमध्ये आणि किराणा दुकानात सांगितलं आहे.

शनिवारी लारिसा माझ्याकडे असते. ओरेस्त गाडीवर आणि सूनबाई डोरीनची इस्पितळात पाळी. नातीला दिवसभर टीव्हीसमोर बसवायला मी काही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं नाही, म्हणून स्वयंपाकघरातच आमची प्रयोगशाळा भरते. पेल्याखाली मेणबत्ती विझवून झाली, पाण्यावर सुई तरंगवून झाली. व्हिनेगरमध्ये अंडं बुडवून त्याचं कवच विरघळवलं, तर बाईसाहेबांनी ते चेंडूसारखं उडवून पाहिलं आणि ते माझ्या स्वेटरवर फुटलं. पण पोरगी चौकस आहे. असं का झालं हे समजल्याशिवाय हात धुवायला उठत नाही.

परवा जांभळा कोबी उकळून त्याचं पाणी काढलं. तुला शाळेत या विषयाचा कंटाळा होता म्हणून सांगते: या पाण्यात आंबट काही घातलं की ते गुलाबी होतं आणि सोडा घातला की निळसर हिरवं. बरण्या भरून मी तिला म्हटलं की आता रंगावरून आंबटाची एक रांग लाव आणि सोड्याची दुसरी. तिनं मन लावून लावल्या, आणि गुलाबी नि हिरवी एकाच रांगेत शेजारीशेजारी ठेवल्या. मला वाटलं थट्टा करते आहे, म्हणून दटावलं. तशी रडकुंडीला येऊन म्हणाली की अगं आजी, दोन्ही राखाडीच तर आहेत, एक जरा जास्त राखाडी आहे इतकंच.

ताई, ही थट्टा नव्हती. लारिसा रंगांधळी आहे. मुलग्यांत हे पुष्कळदा दिसतं, मुलींत क्वचितच, कारण मुलीला ते आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. आईकडून ते छुपं येऊ शकतं. बापात मात्र उघडच असावं लागतं. आणि हिचा बाप लाल-हिरवे सिग्नल बघून गाडी हाकतो, रेल्वेच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घेतो. हे गणित मी फळ्यावर इतक्यांदा मांडलं आहे की ते चुकलं असेल असंही म्हणवत नाही. कुणापाशी बोललेले नाही. तूच सांग याचा अर्थ काय.

तुझी,
मेलानिया. मायेची ऊब पत्रातून पाठवत जा, इथे शेगडी पुरत नाही.


विनिपेग
२३ जानेवारी १९८४

चि. मेलानियास,
टेक्लाचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता हातातला चहा गार झाला. गणित तू मांडलंस, पण उत्तर लिहायला तुझा हात धजेना, म्हणून मीच लिहिते. पोर ओरेस्तची नाही.

तोंड वाकडं करू नकोस. लग्नाआधी डोरीन वर्षभर रिजायनात एकटी राहिली होती. लग्नातही ती सगळ्यांशी जरा जास्तच हसत होती, हे मी तेव्हाच तुला म्हटलं होतं. तू म्हणालीस की नर्सबाईला हसावंच लागतं. आता बस हसत.

पण माझं ऐक. ओरेस्तच्या कानावर यातलं अक्षरही घालू नकोस. भोळा जीव आहे तो, मोडून पडेल. आणि तुझे ते प्रयोग बंद कर. आपल्या आजीनं आपल्याला पीठ मळायला शिकवलं, त्यातून कुणाच्या संसारात काडी पडली नाही. लारिसाचा यात काय दोष? तिच्यासाठी मोजे पाठवते आहे. मुद्दाम राखाडी विणले आहेत, म्हणजे तिचा घोळ नको.

जिवाला जपून, ओठ मिटून राहा, ही तुझ्या थोरल्या बहिणीची विनंती.
टेक्ला


झोरिया जंक्शन
६ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी डोरीनकडे चोरासारखी बघत होते. ती भांडी घासायला लागली तरी मला वाटे, कशाला एवढं गोड वागते? त्याची आता शरम वाटते. का, ते वाच.

काल सगळे जेवायला होते. कोबीच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या केल्या होत्या. जेवता जेवता लारिसानं हट्ट धरला की बाबांची परीक्षा घ्यायची. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, बरण्या आणायला गेले तेव्हा मी त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. गुलाबीवर सोडा, हिरवीवर व्हिनेगर. लारिसानं त्याला बजावलं की गुलाबी पाणी आंबटाचं. ओरेस्तनं चिठ्ठ्यांवर एक नजर टाकली आणि हिरवीगार बरणी उचलून ऐटीत म्हणाला की ही बघ, किती छान गुलाबी झाली आहे.

सिंकपाशी डोरीनच्या हातातून बशी निसटली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. पोर त्याचीच आहे, ताई. माझा मुलगाच रंगांधळा आहे, आणि त्याच्या बायकोला ते पहिल्यापासून ठाऊक आहे.

लारिसाला बाहेर बर्फात खेळायला पिटाळलं. आधी डोरीन बोलली. तपासणीत रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे असतात. तसलंच पुस्तक तिच्या इस्पितळात आहे. ते घरी आणून प्रत्येक तपासणीआधी तिनं त्याच्याकडून पानं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली. तिच्या वडिलांनाही हाच दोष आहे, म्हणून तिला त्याची दया आली म्हणे. मी विचारलं की पुस्तक पाठ होईल, सिग्नल कसा पाठ होणार? तर ओरेस्त हसत म्हणतो कसा, की आई, इंजिनात आम्ही दोघं असतो. सिग्नल दिसला की दोघांनी रंग मोठ्यानं ओरडायचा असा नियमच आहे. माझा जोडीदार गॉर्डी ओरडतो, त्यामागे मी ओरडतो. गॉर्डीचे डोळे घारीचे आहेत, तू काळजी करू नकोस.

ताई, त्या हसण्यानं मी हादरले. मी त्याला सांगून टाकलं की पुन्हा इंजिनावर चढायच्या आत ऑफिसात जाऊन खरं सांग, नाहीतर मी जाते. तो म्हणाला की जन्मभर एकच काम मागितलं, तेही तुला बघवत नाही. ताट अर्धं टाकून गेला.

आणि एक सांगायचं राहिलं. मुलाला हा दोष बापाकडून येत नाही, आईकडूनच येतो. तू डोरीनकडे बोट दाखवलंस, पण ते आपल्याच माहेराकडे वळलं आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.
मेलानिया


विनिपेग
१३ फेब्रुवारी १९८४

चि. मेलानियास अ. उ. आशीर्वाद.

डोरीनबद्दल जे लिहिलं ते पत्र जाळून टाक. मी इथे बसून माझ्या थोबाडीत मारून घेतली आहे.

आपले बाबा टोमॅटो तोडायला गेले की हिरवे, पिकलेले एकत्रच आणत, आणि आई त्यांना धांदरट म्हणून बोलत असे. आपण किती हसायचो. आज कळतं, त्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नव्हतं.

तरीही, मेलाने, ऑफिसात जाऊ नकोस. इतकी वर्षं त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. इंजिन हेच त्याचं सर्वस्व आहे, आणि तुला एकच मुलगा आहे. प्रवासी गाडी नको म्हणावं, मालगाडीच चालव म्हणावं. वाटल्यास त्या गॉर्डीला विश्वासात घ्या. एकाला दिसत असेल तर पुरे नाही का?

लोभ आहेच, त्याला गृहीत धर आणि माझं ऐक.
टेक्ला


झोरिया जंक्शन
२७ फेब्रुवारी १९८४

ती. टेक्लाताईस सा. न. वि. वि.

ऐकायची वेळ तुझं पत्र येण्याआधीच निघून गेली होती. पण मला जावंही लागलं नाही. मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोट घालून स्टेशनावर पोचले तर ओरेस्त ऑफिसच्या बाकावर आधीच बसलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला की लारिसानं सकाळी त्याला विचारलं: मला रंग कळला नाही की मी आजीला विचारते, तुम्ही गॉर्डीकाकांना विचारता, पण त्याच वेळी गॉर्डीकाकांना शिंक आली तर? म्हणून तो इथे आला होता. मग तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ड्रायव्हरची टोपी नव्हती. आता त्याला गोदामात घेतलं आहे. प्रवासी गाडी तर गेलीच. डोरीन लारिसाला शनिवारी सोडून जायची, तो मात्र दारापर्यंतही येत नव्हता. मी खूप रडले ताई. बरोबर वागूनही इतकं वाईट वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी तो आला. कोट न काढता स्वयंपाकघरात बसला. मी कॉफी दिली, ती त्यानं बाजूला सरकवली. तो गॉर्डीची माफी मागायला गेला होता. इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांवर गाडी चालवली असं त्यानं सांगितलं, तर गॉर्डी पांढराफटक पडून पायरीवरच बसला. त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बर्फाच्या चकाकीत त्याला सिग्नलच्या जागी नुसता पांढरा डाग दिसतो. निवृत्ती जवळ आली म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

मी विचारलं की मग तो रंग ओरडायचा कसा? ओरेस्त म्हणाला की दिवा दिसला की मी त्याला विचारायचो, हिरवा ना? त्याला वाटायचं या तरण्या माणसाला स्वच्छ दिसतंच आहे, म्हणून तो ओरडायचा, हिरवा. मग मी ओरडायचो, हिरवा. थांबायचं असलं की बहुतेक वेळा रेडिओवर आधी सांगत, म्हणून आजवर निभावलं. पण तेही दर वेळी सांगतातच असं नाही.

ताई, तू विचारलं होतंस की एकाला दिसत असेल तर पुरे नाही का. आख्खा हिवाळा ती मालगाडी आपल्या गावातून, शाळेजवळच्या रेल्वे फाटकावरून गेली, आणि तिच्यात सिग्नल बघणारं कुणीच नव्हतं.

आज यापुढे लिहवत नाही. ओरेस्त अजून कोट घालून बसला आहे, आणि माझा डावा हात त्याच्या पाठीवर आहे.

तुझी,
मेलानिया