शिकागो, बावीसशे टप्पे

१२ जानेवारी २००४
संतोषचा शिकागोहून फोन. साडेतीन मिनिटं. आमच्या मंजुळाबाईनं रुद्रच्या जावळाचं विचारलं. नातू तिसऱ्या वर्षात आहे, जावळ औंढ्यालाच काढीन असा हिचा नागनाथाला नवस. पोरगं म्हणालं, लांब पडतं हो अण्णा, बघू. बराबर आहे. ही मात्र काहून येत न्हाई, काहून येत न्हाई करत रडली. हिला अंतर समजत न्हाई. मी हिंगोली स्टँडचा कंट्रोलर, मला समजतं.

२० जानेवारी
ग्यानबा गुरुजींकडून शाळेतला पृथ्वीचा गोल आणला. विमान हैदराबादला उतरतं, संतोषची सासरवाडीपण तिथंच. म्हणून तिथून शिकागोपर्यंत दोरा ताणला. तेरा हजार दोनशे किलोमीटर. एसटीचा सहा किलोमीटरला एक टप्पा, म्हणजे बावीसशे टप्पे! लेकरू घेऊन कोण येईल? मंजुळाबाईला सगळं समजावलं. ती म्हणाली, जरा सैल धरा दोरा.

२१ जानेवारी, ड्यूटीवर
दोरा पार बर्फावरून जाऊन राहिला. मधे स्टँड न्हाई, पॅसेंजर न्हाई. रूट चुकलाय. विमानवाल्यांना पत्र टाकतो. आज टाइम न्हाई.

९ फेब्रुवारी
फायनल. तो येत न्हाई तर आपणच जायचं. उद्यापासून पासपोर्ट, इंग्लिश, पहाटे फिरणं.

१० फेब्रुवारी
फिरलो न्हाई. गुडघा.

३ मार्च
पासपोर्टचे फोटो काढले. डोळे मिटलेले आले. फोटोवाल्याची चूक. इंग्लिश पुढच्या महिन्यात.

१८ एप्रिल
जावळ काढल्यावर डोकं उघडं नको म्हणून मंजुळाबाईनं टोपी शिवली. माप कुठाय? गोलावर घालून पाहिली, घट्ट झाली. म्हणजे रुद्रला बराबर बसंल.

२ मे
संतोषचा फोन. महिनाभर काम फार, फोन जमणार न्हाई म्हणाला. म्हणलं, तब्येत सांभाळ.

२६ मे, दुपारी साडेतीन
हैदराबादची गाडी लागली. कंडक्टर भावसिंगनं पुडकं दिलं. साडी, पेढे, फोटो. फोटोत रुद्र मामाच्या मांडीवर, डोक्याचा चकोट. चिठ्ठी: सासरी सगळे जमले होते, उरकून घेतलं. आज रात्रीचं विमान. पुढच्या वेळी नक्की.
भावसिंग म्हणाला, सायेब, तुमचा संतोष गाडीच्या खिडकीपाशीच उभा होता. सीट रिकामी होती, चल म्हणलं. लांब पडतं म्हणाला.
साडेचारची परभणी पुकारली.

२७ मे
सकाळी सातची हैदराबाद पुकारली. रोज मीच पुकारतो. वाईट वाटलं न्हाई. काहीच वाटलं न्हाई.
घरी आल्यावर मंजुळाबाईला फोटो दाखवला. रडली न्हाई. हैदराबाद किती टप्पे, विचारलं. साठ म्हणालो. दोरा लावून दाखवा म्हणाली.
गोलावरची टोपी काढली, दोरा लावला. हिंगोली ते हैदराबाद. दोऱ्याची गाठच त्याहून मोठी होती.