डाव्या हातातली धूपदाणी

शुक्रवार, १० ऑक्टोबर
संध्याकाळ

धाकटे,

रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी घड्याळजींना विचारून लिहिली आहे आणि त्यांचं घड्याळ चुकत नाही, तेव्हा वाद घालू नकोस. या वेळेला तू, माझी सख्खी धाकटी बहीण, आमच्या चर्चच्या बाजूच्या दाराने, मोठ्या बहिणीला तोंडही न दाखवता, चोरासारखी निघून गेलीस.

आशीर्वाद. तब्येत बरी असेलच. नऊ वर्षांनी चर्चमध्ये यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि कुणाला कळायच्या आत पसार व्हायचं, म्हणजे गुडघे ठणठणीत आहेत. मीही बरी आहे. घरात गळणारा नळ एकदाचा दुरुस्त झाला.

आता तुला वाटेल, ताईला कोणी सांगितलं? कोणी नाही. मी तुला पाहिलं. धुरातून पाहिलं, पण पाहिलं.

आधीपासून सांगते, म्हणजे तुला कळेल की तू नेमका कोणता दिवस नासवलास. सप्टेंबरात आमच्याकडे सेवेचा रविवार असतो. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं की येत्या वर्षात मंडळीला मी माझ्या हाताने काय देईन, आणि ती वेदीवर नेऊन ठेवायची. प्लंबर लिहितो नळ, शिंपीण लिहिते वेदीची वस्त्रं, एक जण दर वर्षी लिहितो ‘प्रार्थना’, म्हणजे खुर्च्या उचलायला येणार नाही. मी इतकी वर्षं ‘चौकशीचं टेबल’ लिहीत आले. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलं, लोकांच्या मूर्ख प्रश्नांना उत्तरं देण्यात माझा हात कोण धरणार? पण यंदा चिठ्ठी हातात घेतली आणि लिहिलं, ‘धूपदाणी’.

फादर (नवे फादर, ते जुने नव्हेत, त्यांच्यावर येतेच पुढे) चिठ्ठी घेऊन माझ्यामागे अंगणात आले. म्हणाले, “बाई, अक्षर तुमचंच ना?”

“माझंच. उजव्या हाताचं आहे, म्हणून असं.”

“म्हणजे साखळीची धूपदाणी? हलवायची?”

“नाही, घासायची. फादर, मी लहानपणी कॉन्व्हेंटात त्या धुराकडे बघत बघत वाढले. तेव्हा मुलींना हात लावू देत नसत. आता तुम्ही म्हणता, इथे सगळ्यांना सगळं खुलं आहे. मग खरं करून दाखवा.”

ते इतके हसले की टोपी पडली. “घड्याळजी शिकवतील,” म्हणाले.

घड्याळजी म्हणजे आमचे घड्याळं दुरुस्त करणारे. तू असतानाही धूपदाणी तेच धरायचे, आठवतं का? आता गुडघ्यांनी दगा दिला आहे, पायरी चढवत नाही. त्यांनी मला दोन आठवडे असं रगडलं, की कॉन्व्हेंटच्या सिस्टर बऱ्या वाटल्या. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे झगे टांगलेले असतात, तिथे मी रिकामी धूपदाणी हलवत उभी, आणि हे खुर्चीवर बसून ओरडतायत, “बाई, माश्या हाकलताय का? मनगट! मनगट हलवा, खांदा नको!”

“मनगटच हलवतेय.”

“हे मनगट आहे? मग खांदा कुठे गेला?”

साखळी उजव्या हाताने फिरवायची, डाव्या हाताने वरचं टोक छातीशी धरायचं, हा नियम. मी तसंच केलं. हात भरून यायचा, भांडं कधी गुडघ्यावर तर कधी दाराच्या चौकटीवर. चौकटीचा रंग उडाला. पण धाकटे, मी तुला काय सांगू, पहिल्यांदा निखाऱ्यावर ऊद टाकला आणि तो धूर भसकन वर आला, तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची बाई मोठ्याने हसले! घड्याळजी म्हणाले, “लागलं वेड. मलाही असंच लागलं होतं.”

आणि मग रविवार आला. पांढरा झगा, वर झालर. मी आरशात पाहिलं आणि स्वतःलाच म्हटलं, शोभतेस हो. सुरुवात छान झाली. वेदीला धूप दाखवला, फादरांना दाखवला. मग येतो तो भाग, जो मला सगळ्यात आवडतो. धूपवाल्याने पायरीवर यायचं, सगळ्या लोकांकडे तोंड करून वाकायचं, आणि सगळे उभे राहून उलट वाकतात. मग त्यांनाही धूप दाखवायचा, वेदीला दाखवतो तसाच. बाकांवर कोण कोण असतं तुला माहीत आहे. उधारीवाले, घटस्फोटवाले, घोरणारे. सगळ्यांना सारखा.

मी वाकले. लोक वाकले. मी साखळी उचलली, आणि एक निखारा उडून गालिच्यावर पडला.

साखळी जुनी होती.

गालिचा पेटला नाही, नुसता धुमसला. वास मात्र असा आला, की समोरच्या बाकावरच्या आजी नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, “हा ऊद कुठून आणलाय?” फादरांनी शांतपणे पवित्र पाण्याचं भांडं उचललं आणि गालिच्यावर ओतलं. “या पाण्याचा असाही उपयोग आहे,” म्हणाले. सगळं चर्च हसलं. मीही हसले. मग मी निखारे बदलायला मागच्या दाराने बाहेर गेले, कारण ते करावंच लागतं.

धाकटे, साखळी जुनी नव्हती. घड्याळजींनी तिची प्रत्येक कडी तपासली होती. मी वाकून वर पाहिलं तेव्हा सगळे पुन्हा सरळ उभे राहिले होते आणि शेवटच्या बाकावर एकच बाई अजून वाकलेली होती. मग तिने मान वर केली. ती तू होतीस. केस पांढरे करून घेतलेस, मला न विचारता.

निखारे बदलायला बाहेर गेले हेही अर्धंच खरं आहे. निखारे बदलायला कुणी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जात नाही, एवढं मलाही कळतं. मी बाजूच्या गल्लीतून धावले. झालरीच्या झग्यात, हातात धूर सोडणारी धूपदाणी घेऊन. दुकानातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, “काकू, डास फार झालेत का?” मी त्याला काय उत्तर दिलं ते फादरांना कळता कामा नये.

मी तुमची गाडी पाहिली. तुझ्या डॉक्टर चालवत होत्या. त्यांनी आरशात मला पाहिलं, मला पक्कं माहीत आहे, कारण गाडी हळू झाली. जवळजवळ थांबली. आणि मग पुढे गेली.

मला एवढंच विचारायचं आहे, ‘चला’ असं कोण म्हणालं? त्या, की तू?

परत आले तर दारावर आमचे पोस्टमास्तर, तू गेल्यानंतर मंडळीत आलेले. निवृत्त झाले, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखायची सवय गेली नाही. मी दम खात विचारलं, “ती गेली ती बाई. काही बोलली?”

“बोलल्या ना. मी विचारलं, पहिल्यांदाच आलात का, चहाला थांबा. तर म्हणाल्या, नको. आणि दारातून वळून म्हणाल्या, ‘ती डावरी आहे. तिला उजव्या हाताने कशाला करायला लावता? डाव्या हाताने करू द्या.’ तुम्ही डावऱ्या आहात होय?”

आता सांग, माझा संताप व्हायला नको? नऊ वर्षं एक शब्द नाही, आणि बोललीस तर परक्या माणसाजवळ, तेही मला सूचना करायला! ज्या हाताला मदर सुपीरिअरने रुमालाने बाकाशी बांधून ठेवलं, त्या हाताची चौकशी तू दारावर पोस्टमास्तरांकडे करतेस? तो रुमाल मधल्या सुट्टीत दातांनी सोडवणारी तूच होतीस. तेव्हा समोर येऊन सोडवायचीस. आता काय झालं?

काय झालं ते मला माहीत आहे. पण एकदा मी माझ्या बाजूने लिहिते, तू वाच, फाडायचं तर नंतर फाड.

आईच्या अंत्यविधीला मी फाटकाशी शवपेटीबरोबर होते. आत जुन्या फादरांनी पहिल्या बाकावर बसलेल्या डॉक्टरांना सांगितलं की ही जागा कुटुंबाची आहे, तुम्ही मागे बसा. जिने तुझ्याबरोबर संसार मांडला, आईला शेवटचा हिवाळाभर उचललं, पुसलं, भरवलं, तिला. मी पेटीमागून आत आले तेव्हा बाक रिकामा होता. तू आणि त्या, दोघी गेला होतात. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते, आणि जाताना दोन शब्द सुनावले असते. यावर आपलं भांडण कधीच नव्हतं.

भांडण पुढचं. तू म्हणालीस, “ते चर्च सोड, नाहीतर मला सोड.” मी म्हटलं, घर माझं आहे. एका भाडेकरूने घाण केली म्हणून मालक घर सोडत नाही. तू फोन ठेवलास. हे मी आजही म्हणेन. मी राहिले म्हणून मंडळीच्या दर बैठकीत तो विषय निघाला. इतका, की मी उठले की लोक चष्मे पुसायला घ्यायचे. “आल्या बाई, आला बाक!” म्हणायचे. जुने फादर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मी त्यांना पुष्पगुच्छही दिला आणि तोच विषयही दिला.

आता नवे फादर दर रविवारी उपासनेआधी पायरीवर उभे राहून म्हणतात, “ज्यांना वाटतं आपण इथले नाही, त्यांनी आज पहिल्या बाकावर बसावं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले. असं लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं. तूही रविवारी ते ऐकलंस. ऐकून तू शेवटच्या बाकावरच बसलीस. हट्टी ती हट्टीच.

तुला इथवर कोणी आणलं तेही मला कळलं. घड्याळजींचे गुडघे डॉक्टरांकडे चालू आहेत! मंगळवारी गुपचूप कबूल झाले. म्हणाले, “तपासताना तोंडातून निघून गेलं, बाई, की रविवारी ताईंची पहिली वेळ आहे. डॉक्टरीणबाईंनी फक्त गुडघा जरा जोरात दाबला.” म्हणजे डॉक्टरांनी तुला सांगितलं, तुला गाडीतून आणलं, आणि स्वतः आत न येता बाहेर बसून राहिल्या. मी उगाच त्यांना आरशात पाहून निघून जाणारी बाई समजले.

आता मुख्य बातमी, जिच्यासाठी हे पत्र आहे आणि जी सांगायला मी दोन दिवस उतावीळ झाले आहे.

बुधवारी मी मागच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि धूपदाणी डाव्या हातात घेतली. धाकटे! गेली सरळ! भांडं माझं ऐकायला लागलं. पुढे, मागे, थांब म्हटलं की थांब. मी तासभर हलवत बसले. घड्याळजी दार ढकलून आत आले, पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “नियमात नाही बसत.” मी म्हटलं, “नियम उजव्या हाताच्या माणसांनी लिहिलेत.” आम्ही दोघे फादरांकडे गेलो, भांडत. फादर चपला शिवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “धूर वर जातो का?”

“जातो.”

“मग झालं.”

या २६ ऑक्टोबरला, रविवारी, आमच्या चर्चचा वर्धापनदिन आहे. सकाळी साडेआठला. मी डाव्या हाताने धूप दाखवणार आहे. गालिच्यावर ओली चटई असेल, घड्याळजींचा हट्ट. पहिल्या बाकावर दोन जागा मी धरून ठेवल्या आहेत, आणि तिथे कोणी बसू लागलं तर मी काय बोलेन ते सगळ्या मंडळीला माहीत आहे.

तर उत्तर हवं. लेखी. फोन चालणार नाही, निरोप तर मुळीच नाही, पोस्टमास्तरांकडे तर चुकूनही नाही. चौकशीच्या खिडकीत मी एक शिकले, तोंडी सांगितलेलं माणूस दहा पावलांत विसरतो. गुरुवार, २३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत तुझं पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे. येणार की नाही, ते पहिल्या ओळीत. तब्येतपाणी नंतर.

आणि आणखी एक. डॉक्टर मला अजून ‘मॅडम’ म्हणतात आणि मी त्यांना ‘डॉक्टर’. आपल्या भाषेत मामेसासऱ्यालासुद्धा शब्द आहे, आणि एकाच आईच्या उशाशी बसलेल्या आम्हा दोघींना नाही? तो काय असावा ते त्यांनाच ठरवू दे. तुझ्या पत्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने मला हाक मारून लिहावं आणि सही करावी. एकीच्याच सहीचं उत्तर मी उत्तर धरणार नाही.

तुम्हा दोघींची,
ताई