लाँच त्या दिवशी चालू होती

बाबा, सोमवारी माझी तारीख आहे. तू कधी कोर्टाची पायरी चढला नाहीस, आणि तुझी मुलगी विद्यापीठाविरुद्ध हायकोर्टात गेली आहे. हे तुला कसं सांगावं कळत नाही, म्हणून सरळच सांगते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात मी परत परत नापास झाले. नियमात बसतात तेवढ्या संधी संपल्या म्हणून त्यांनी माझी नोंदणी रद्द केली. शेवटच्या पेपरला तर मी बसलेच नव्हते, पण फॉर्म भरलेला होता, म्हणून तीही संधी धरली. कोर्टाने माझं ऐकलं तर पुन्हा परीक्षा देता येईल. नाही ऐकलं तर आपल्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी बारावी पासच राहील.

त्या सकाळी मी धक्क्यावर वेळेत पोहोचले होते. तू चालवायचास ती लाँच आता नाही, नवी आली आहे. दोरी सोडायला मात्र तुझा तोच जोडीदार असतो. मी त्यांना काका म्हणते. खाडीचं पाणी अगदी निवळ होतं, वारा नव्हता. काकांनी हाक मारली, "चल गो, पेपर हाय ना तुजा?" मी पाऊल उचललं आणि ते फळीवर ठेवताच येईना. पलीकडे तो पेपर होता आणि डोळ्यांसमोर फक्त मागच्या निकालाची ओळ. लाँच सुटली. ती पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत मी बाकावर बसून बघत राहिले.

वकीलबाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, भीती वाटली याचा पुरावा कुठून आणणार, तू डॉक्टरकडेही गेली नव्हतीस. मग त्यांनी प्रतिज्ञापत्रात एक वाक्य घातलं, की वादळी हवामानामुळे त्या दिवशी खाडीवरची लाँच बंद होती. धक्क्यावरून तसं लिहून आण म्हणाल्या, म्हणजे ती संधी मोजता येणार नाही. मी म्हटलं, वादळाचा बावटा लागलाच नव्हता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुला शिकायचंय की नाही?"

मी काकांकडे गेले. वाटलं, ते ओरडतील आणि माझी सुटका होईल. त्यांनी लुंगीला हात पुसून पेन मागितलं. मी म्हटलं, काका, तुम्हीच हाक मारली होतीत, त्या दिवशी तिकिटं फाटली आहेत, चौकशी झाली तर तुमची नोकरी जाईल. ते हसले. "तुज्या बापानं बी एकदा लाँच बंद केलीच व्हती की. तुज्यासाठीच."

आठवतं मला. मी तापाने फणफणले आहे, गोधडीत गुंडाळून तू मला खांद्यावर टाकलं आहेस. धक्का माणसांनी भरलाय आणि तू सांगतोयस, इंजिन बिघडलंय, आता फेरी नाही. मासळीची टोपली घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालेली म्हातारी तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. "बिघडलेलं इंजिन खांद्यावर दिसतंय रे तुज्या," म्हणते. माणसं हसतात. ती टोपली खाली ठेवते आणि रस्त्यावर जाऊन आपल्याला दवाखान्यात न्यायला रिक्षा थांबवते. त्या दिवशी तिची मासळी तशीच राहिली असणार. पण तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुझ्या खोट्याने कुणी फसलं नव्हतं. माझ्या खोट्याने न्यायाधीश फसतील आणि काका अडकतील. एवढं मला समजलं, आणि समजून काही बरं वाटलं नाही.

काल मी वकीलबाईंना ते वाक्य काढायला लावलं. मग उरतं काय, त्यांनी विचारलं. उरतं एवढंच, की नाव काढून टाकण्याआधी मला कुणी बोलावलं नाही, माझं म्हणणं ऐकलं नाही. एवढ्यावर कधी दाद मिळते, कधी नाही, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. तेव्हापासून परत परत वाटतं, फोन करावा आणि सांगावं, घाला ते वाक्य, करते सही.

आई म्हणाली, बरं केलंस, तुझ्या बाबांना खोटं चाललं नसतं. मी हो म्हटलं. तू गेलास तेव्हा मी चौथीत होते, तुला काय चाललं असतं हे मला आईच सांगत आली आहे. पण ते गोधडीतलं मला स्वतःला आठवतं. तू असतास तर काकांच्या आधी तूच लिहून दिलं असतंस, मला कर सही म्हणाला असतास, आणि मी केली असती. हे पत्र आईच्या हाती लागायला नको, म्हणून फाडते आहे.