चेलेस्तेच्या लग्नाला सरकारची हरकत

लोदी, ३ मार्च १९५३

ती. एर्सीलियाताईस, धाकट्या चेलेस्तेचा सा. न. वि. वि.

माझं लग्न अडलंय, आणि कारण वाचून हसू नकोस. ईस्टरनंतरची तारीख ठरली, म्हणून दाखला आणायला नगरपालिकेत गेलो. तिथले कारकून पित्सिगोनी यांनी नोंदवही उघडली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं: चेलेस्ते ग्वेरीनी, स्त्री. बाईचं बाईशी लग्न लागत नाही म्हणाले. मी म्हटलं, अहो, निदान माझ्या मिशा तरी बघा! तर म्हणे, मिशांची नोंद आमच्याकडे नसते.

सैन्याने मला आजवर का बोलावलं नाही, ते आता कळलं. मला वाटायचं, विसरले बिचारे! चूक कोर्टातून दुरुस्त होईल, पण झाली की सक्तीची भरती, दीड वर्ष बराकीत. होणाऱ्या सासऱ्यांना, ओर्नेलाच्या वडिलांना, तोवर थांबाल का विचारलं, तर ते म्हणतात आता एक दिवस थांबणार नाही. गिरणीवाल्याचा पुतण्या तिला मागणी घालतोय. तिला अजून काही बोललो नाही. काय करू?

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया या संकटातही आटू देऊ नकोस.

तुझा चेलेस्ते


जेनोव्हा, १० मार्च

चि. चेलेस्तेस, अनेक आशीर्वाद.

हसू नकोस लिहिलंस, तिथेच फसलास. तुझ्या भावोजींची कॉफी नाकातून आली! मुलगा झाल्याच्या आनंदात बाबा गुत्त्यावरून थेट नोंदणीला गेले असणार, आणि नाव ऐकून कारकुनाने पुढचं विचारलंच नसेल. आमच्या गल्लीतली शिवणकामवालीही चेलेस्तेच आहे.

पण वेड्या, ओर्नेला निघून जाईल या धास्तीने तू तिच्या वडिलांना विचारलंस, मला विचारलंस, आणि तिलाच तेवढं वगळलंस. आज संध्याकाळीच जा आणि सगळं सांग.

भाऊ असो की बहीण, सारखीच माया करणारी,
एर्सीलिया


पिआचेन्झा, २१ मे

ती. ताईस, बराकीतून सा. न. वि. वि.

सांगितलं. ओर्नेला आधी रडली, मग चर्चला जायची टोपी घालून मला ओढत पित्सिगोनींपुढे घेऊन गेली. म्हणाली, हा बाई आहे असं लेखी द्या, खाली सही करा. वर सुनावलं, चर्चमध्ये आमच्या लग्नाची घोषणा झालीय; दोन बायकांची ती कशी झाली, ते आता बिशपच तुम्हाला विचारतील. सही म्हटल्यावर पित्सिगोनींना घाम फुटला. स्वतः कागद काखोटीला मारून कोर्टाकडे पळाले, आणि महिन्याभरात मी पुरुष झालो. सैन्याने मात्र आठवड्याभरातच हुडकून काढलं.

तिने वडिलांना बजावलं, लग्न करीन तर याच्याशीच, आणि हा जायच्या आत. शनिवारी लग्न झालं, सोमवारी मी इथे.

बायकोला भेटायचा परवाना रोमहून येतो. शेजारच्या खाटेवरचा सिसिलीचा गडी हिवाळ्यापासून त्याची वाट बघतोय. ओर्नेलाने अर्जच केला नाही. तिने बराकीच्या स्वयंपाकघरात काम धरलं. रोज दुपारी मी रांगेत उभा राहतो, ती अनोळखी चेहऱ्याने सूप वाढते, सार्जंटची पाठ वळली की मटणाचा एक तुकडा जास्तीचा टाकते, आणि मी तिच्याकडे बघत रेंगाळलो की पुढे सरका म्हणून खेकसते.

जेवणाची घंटा झाली, पळतो. लोभ असाच राहू दे.

तुझा चेलेस्ते