टेंपरिंगच्या खोलीत परवानगीशिवाय येऊ नये

३ जून
विद्यापीठाची ईमेल. शाळा, प्रशिक्षण केंद्र, विद्यापीठ आणि इथले उद्योग यांची 'प्रादेशिक भागीदारी' होणार आहे. आपल्यासारख्या अनुभवी उद्योजकांनी सामील व्हावं, वगैरे. 'अनुभवी' शब्द वाचला आणि काय ते समजलो. वडिलांनी काढलेल्या या स्प्रिंगच्या वर्कशॉपकडे इतकी वर्षं विद्यापीठातलं कुत्रं फिरकलं नाही. आता एकदम अनुभवी. त्यांना टेंपरिंगचं, म्हणजे कडक झालेली स्प्रिंग पुन्हा तापवून चिवट करण्याचं गुपित हवंय, दुसरं काय.
(गुपित इथे लिहीत नाही. डायरी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.)
वडिलांनी शेवटच्या आजारपणात ते माझ्या कानात कुजबुजून सांगितलं. तेव्हापासून टेंपरिंगच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नाही.
निर्णय: सामील व्हायचं नाही. ठाम.

४ जून
सामील झालो.
कारण एकच. भागीदारीचा उपाध्यक्ष माझा साडू आहे. दारं आपोआप बंद करणारी यंत्रं बनवतो. त्यातल्या स्प्रिंगा माझ्याकडून घेतो. माझा पाऊण धंदा त्याच्यावर. दर वेळी भेटला की विचारतो, बाकी काय विशेष? माझ्या बाकीचं याला काय करायचंय? अशा माणसावर लक्ष ठेवायचं तर त्याच्या गोटात शिरायला हवं.
बायको शाळेत विज्ञान शिकवते, शाळेतर्फे तीही भागीदारीत आहे. म्हणाली, बरं झालं, चार माणसांत मिसळाल. चार माणसांत मिसळायला मी काय साखर आहे? पण हे मनात म्हणालो.

१२ जून
पहिली मीटिंग. शाळेचा हॉल. विद्यापीठाच्या प्राध्यापिका बाईंनी पडद्यावर चार गोल दाखवले, एकमेकांत अडकलेले. उद्योगाच्या गोलात साडूचा कारखाना भोपळ्याएवढा, मी मोहरीएवढा. सगळीकडून सगळीकडे बाण. माझ्याकडून बाहेर जाणारा बाण जाड, आत येणारा बारीक. उभा राहून विचारलं, हा फरक मुद्दाम केलाय का? बाई म्हणाल्या, दोन्ही बाण सारखेच आहेत. मागे कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, चेहरे धूसर होते. हॉलमध्ये उजेडाची बोंब.
चहाच्या वेळी हॉलच्या दारातली स्प्रिंग तुटली, तेवढ्यात वारा आला आणि दार साडूच्या पाठीत बसलं. यंत्र त्याचं, स्प्रिंग माझी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साडू हसून म्हणाला की फार लागलं नाही. पाठीत दार बसल्यावर माणूस हसतो? ठरवून केलेलं.

२० जून
टेंपरिंगच्या खोलीतला दिवा मिणमिणतो. बदलला. नवाही तसाच. दुकानदाराला झापलं. त्याने तिसरा लावून दाखवला आणि म्हणाला, बघा लख्ख. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही म्हणाली, लख्ख. सगळे मिळालेले. वर्तमानपत्रवाल्यांनीही शाई कमी केली आहे, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

२ जुलै
प्रशिक्षणार्थी वाटले. प्रत्येक उद्योगाकडे प्रशिक्षण केंद्रातला एक जण, सप्टेंबरअखेरपर्यंत. मी आधीच ठरवलं होतं, जो येईल तो गुप्तहेर असं धरूनच चालायचं.
आली माझीच मुलगी.
ती केंद्रात दुसऱ्या वर्षाला आहे हे मला माहीत होतं. पण माझ्याकडेच का? वाटपाच्या कमिटीवर साडू होता. मावशीचा नवरा. लहानपणी हिला खांद्यावर बसवून गावभर मिरवलंय त्याने. घरभेदी बाहेरून आणावा लागत नाही म्हणतात ते असं. बायको म्हणाली, कुणी पाठवलं नाही, तिने स्वतःच मागून घेतलं. हे तर त्याहून वाईट.

६ जुलै
मुलीला पॅकिंगला बसवलं. मोजायच्या, पिशवीत भरायच्या, चिकटपट्टी लावायची. आठवड्यात कंटाळेल. दुपारी तिने विचारलं, आत काय काय करता? म्हणालो, आत गरम असतं. ती म्हणाली, केंद्रातली भट्टी याच्या तिप्पट आहे, आम्ही रोज तिच्यासमोरच असतो. मी म्हणालो, असेल, पण ती सरकारी.
संध्याकाळी दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली. 'टेंपरिंगच्या खोलीत परवनगीशिवाय येऊ नये.'

७ जुलै
मुलीने पाटीत एक काना घातला. माझ्या परवानगीशिवाय.

११ जुलै
सापळा लावला. खोलीत मिठाच्या पाण्याने भरलेली बादली, वर फडकं. दार मुद्दाम किलकिलं. गुप्तहेर बघणार, साडूला सांगणार, साडू मिठाच्या पाण्यात स्प्रिंगा बुडवणार, सगळा माल गंजणार. याला डोकं लागतं.

१३ जुलै
मुलीने त्या पाण्याने वर्कशॉपची फरशी पुसली. आयती भरलेली बादली दिसली म्हणे. भिंतीलगत तयार माल ठेवला होता. खालच्या थरातल्या स्प्रिंगांवर तांबूस गंज धरला.
रागावता आलं नाही. रागावलो असतो तर बादलीत काय होतं आणि का होतं ते सांगावं लागलं असतं. उलट स्वच्छतेबद्दल शाबासकी दिली.

२९ जुलै
साडूकडून निम्मा माल परत. ठिसूळ आहे म्हणे. तडक गेलो. त्याने माझ्यासमोर एकेक स्प्रिंग यंत्रात धरून दाबली. कट, कट, कट. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. मग त्याने हाताने दाबली. तीही मोडली. याचे हात पहिल्यापासूनच राक्षसी.
नंतर मान खाली घालून म्हणाला, असंच चाललं तर मला दुसरीकडून घ्याव्या लागतील, आमचीही गिऱ्हाइकं ओरडतात. आवाज अगदी पडलेला. सिनेमात गेला असता तर नाव काढलं असतं.
घरी सांगायचं नाही असं ठरवून घरी आलो. बायकोला आधीच माहीत होतं. बहिणीबहिणींचं हे जाळं कोणत्याही भागीदारीपेक्षा जुनं आहे.

५ ऑगस्ट
कुणाला न सांगता विद्यापीठात गेलो. प्राध्यापिका बाईंची लॅब बघून ठेवावी, हा हेतू. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मोडलेल्या स्प्रिंगा नेल्या. एका मित्राच्या आहेत म्हणालो. मित्र कुठे असतो? लांब. बाईंनी पिशवी ठेवून घेतली.

९ ऑगस्ट
बाईंचा फोन. मित्र टेंपरिंगमधून माल लवकर बाहेर काढतो. बऱ्याच स्प्रिंगा कच्च्या, काही बरोबर. म्हणजे तापताना स्टीलवर चढणाऱ्या रंगाचा त्याचा अंदाज चुकतोय. मित्र नुसत्या डोळ्यांनी रंग बघतो का? मी म्हणालो, पिढ्यान्पिढ्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या मित्राने डोळे शेवटचे कधी तपासून घेतले?"
रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. आधी गुपित, आता डोळे. या विद्यापीठाची भूक कुठे थांबणार?

१२ ऑगस्ट
स्टील बघायला जातो असं घरी सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. केवळ बाईंचं म्हणणं खोडून काढायला.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात पिकलेला. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला निळा रंग तर धड कळतही नसेल. मी खुर्चीतून ताडकन उठलो. इतके रंग जगात असताना नेमका निळाच का? हा कुणाचा माणूस आहे ते शोधलं पाहिजे.

२६ ऑगस्ट
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तारीख बायकोने परस्पर घेतली. गाडी घेऊन साडू आला. घरी येईपर्यंत त्याने एकदाही बाकी काय विशेष विचारलं नाही. काहीतरी शिजतंय.
डॉक्टरने पंधरा दिवस भट्टीजवळ जायचं नाही म्हणून बजावलंय. मुलगी उशाशी येऊन म्हणाली, काकांचा माल अडलाय, केंद्रातून तापमान मोजायचं यंत्र आणते, खोलीची किल्ली द्या. किल्ली उशीखालीच होती. म्हणालो, सापडत नाही. ती थोडा वेळ उशीकडे बघत उभी राहिली. मग गेली.

१० सप्टेंबर
काळा चष्मा निघाला. दिवे सुधारलेत. वर्तमानपत्रवाल्यांनाही अक्कल आलेली दिसते.
वर्कशॉपमध्ये गेलो. साडूने ऑर्डर दुसरीकडे दिली. वाट बघितली, फार दिवस थांबता आलं नाही, असा निरोप. मुलगी कोपऱ्यात बसून रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. खोलीत जाऊन उगाचच एक स्प्रिंग तापवली. रंग असा काही चढत गेला की बघत राहिलो. असा रंग मी शेवटचा कधी बघितला होता, आठवेना. कुणाला बोलवावं असं क्षणभर वाटलं. बोलावलं नाही.

२५ सप्टेंबर
मुलीचं प्रशिक्षण संपत आलं. जेवताना तिने सांगितलं की साडूच्या कारखान्यात नोकरी ठरली. हीट ट्रीटमेंटच्या विभागात. म्हणजे भट्टीपाशी, बरोब्बर तिथेच.
निर्णय: आता शेवटचं अस्त्र. गुपित तिला द्यायचं. एकदा गुपित हातात पडलं की घरचं वर्कशॉप सोडून कोण जाईल? रविवारी सकाळी, अंघोळ करून, गंभीरपणे.

२७ सप्टेंबर, रविवार
जसं झालं तसं लिहितो.
दोघींना समोर बसवलं. मुलीला म्हणालो, तू जाऊ नकोस. ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्याकडून शिकायलाच आले होते. भांडून इथली जागा मागून घेतली. तुम्ही माझ्याकडून पिशव्या भरून घेतल्यात."
आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.
मग मी उठून खिडकी लावली आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. निळी झाली की काढायची.
मी वाट बघत होतो. मुलगी अगदी हळू म्हणाली, "हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात, बाबा."
मी बायकोकडे पाहिलं. तिला धक्का बसला असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मामंजींनी मला लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. साडूलाही माहीत आहे. दूधवाल्याला, पोस्टमनलासुद्धा. चहाला टेकेल त्याला मामंजी हौसेने भट्टीजवळ नेऊन रंग दाखवायचे.
मग माझ्याच कानात कुजबुजले ते का?
"अहो, तेव्हा त्यांचा घसा गेला होता," बायको म्हणाली.
मुलीला हसू आलं. तिने ते आवरलं, मग आवरलं नाही. बायकोही हसली. मी खिडकी उघडली, कारण उकडत होतं.

१ ऑक्टोबर
मुलगी साडूच्या कारखान्यात रुजू झाली. वर्कशॉपमध्ये दिवसभर शांतता. प्राध्यापिका बाईंचा फोन आला. लहान उद्योजकांसाठी प्रशिक्षण केंद्रात दर शनिवारी वर्ग सुरू होतोय, मित्राला पाठवा. म्हणालो, मित्राला वेळ नसतो, त्याच्या वतीने मी येऊन बघतो. फक्त पाहणी करायची. शिकायचं काही नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार
वर्ग. मागच्या बाकावर बसलो होतो, तिथून सगळ्यांवर नजर राहते. बाईंनी पुढे बोलावलं. शनिवारी केंद्रात मदतीला मुलगी असणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एकमेकांना ओळख दिली, पण बेताची.
प्रत्येकाने तीन स्प्रिंगा करायच्या होत्या. पहिली मोडली. दुसरी मोडली. शेजारचा बिजागरीवाला माझ्याकडे बघून खाकरला. तिसरीच्या वेळी मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. मी तिला जा म्हणालो नाही. रंग चढला, मी काढली, गार केली. तिने हातात घेतली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मोडली नाही.
कशी झालीये, असं विचारलं.
म्हणाली, "बरी आहे."
घरी आल्यापासून विचार करतोय. बरी म्हणजे चांगली की बरी म्हणजे नुसती बरी? पुढच्या शनिवारी विचारीन. सरळ सांगणार नाही ती, बघावं लागेल.